वाढपी मावशी

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मावशींच्या घरी स्वतःच्या हातानं वाढून घ्यायची कुणाला मुभा नव्हती. भाताचं पातेलं अगदी मांडीला लागून असलं तरी शेजाऱ्यानं वाढलं तरच भात मिळायचा. नवखा माणूस पातेल्याकडे हात न्यायचा आणि मावशींची भातवाढी त्याच्या मनगटावर अलगद टेकायची. "राहू दे बाप्पा. तुला काय हवं ते दुसरा बघेल. दुसऱ्याला काय हवं ते तू बघ."

तशा त्या आमच्यापैकी कुणाच्याच मावशी नव्हत्या. नागपूरला एका कारखान्यात माणसं नेमायच्या खात्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. काकांना अमेरिकेत नोकरी लागली आणि मावशी त्यांच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आल्या. त्या व्हिसावर राहता येत होतं, स्वयंपाक करता येत होता, बर्फ उपसता येत होता. नोकरी मात्र करता येत नव्हती. पहिल्याच वर्षी सेलमध्ये त्यांनी एक काळा कोट घेऊन ठेवला होता. आमची ओली जाकिटं टांगताना कपाटात तो दिसायचा, किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत असलेला. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लागेल ना कधीतरी. इंटरव्ह्यूला काय गाऊन घालून जाऊ?"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती २००२ सालच्या हिवाळ्यात. माझं प्रोजेक्ट बंद पडलं होतं, आणि नोकरीमागोमाग व्हिसाही जाणार होता. एका विमा कंपनीनं बोलावलं होतं, पण सहा उमेदवारांना एकदम, एकाच टेबलाभोवती. मला त्याची काडीची काळजी नव्हती. पुण्यात मी ग्रुप डिस्कशनचा क्लास केला होता. सुरुवात आपण करायची, शेवट आपण करायचा, मधे कुणाला श्वास घेऊ द्यायचा नाही, हे तिथं घोटून घेतलं होतं. शिवाय पुण्याची असल्यामुळे कुठल्याही विषयावर मत तयार होतंच. "तरी एकदा मावशींकडे जाऊन ये यार," असं रूममेट म्हणाली, म्हणून गेले.

शनिवारी दुपारी बैठकीच्या खोलीत कार्पेटवर चादर अंथरून आम्हा सहा-सात बेकारांची पंगत बसायची. मधे पातेली. मावशी खुर्चीवर. त्या एक प्रश्न टाकायच्या आणि जेवता जेवता आम्ही सगळ्यांनी मिळून तो सोडवायचा. त्या दिवशीचा प्रश्न होता, बर्फ पडतोय, गाडी एकच आहे, जाणारे पाच जण पाच दिशांचे, तर काय कराल? मी जी सुटले ती वरण गार होईपर्यंत थांबले नाही. मुद्दे, उपमुद्दे, समारोप. संपल्यावर टाळ्यांची वाट बघत मावशींकडे पाहिलं.

"छान बोलून राहिली होती तू," त्या म्हणाल्या. "आता डावीकडे बघ."

डावीकडे सोलापूरचा एक अबोल मुलगा बसला होता. त्याच्या पानात लिंबाची फोड आणि मीठ, एवढंच होतं. मी बोलत होते तेवढा वेळ भाताचं पातेलं माझ्याच पुढ्यात होतं.

"तिकडे टेबलावर पातेलं नसतं," मावशी म्हणाल्या, "पण कुणाच्या पानात काही पडलं नाही ते समोरच्यांना बरोबर दिसतं. आणि पातेलं कोण अडवून बसलंय तेही. पंगतीत पहिला घास घेणाऱ्याला कुणी हुशार म्हणत नाही पोरी."

मला राग आला. घरी येऊन रूममेटजवळ भरपूर धुसफुसले. तरी पुढच्या शनिवारी गेलेच. खरं सांगायचं तर घरची आठवण यायची आणि त्यांचं वरण आईच्या वरणासारखं लागायचं.

त्यांच्या बाकीच्या शिकवणीलाही असंच स्वयंपाकघर चिकटलेलं असे. कुणाचा मुद्दा पुढे न्यायचा तर आधी त्याचं नाव घ्यायचं. "लग्नात लाजलात तेवढं पुरे. इथं नाव घ्यायला लाजायचं नाही." आणि इंटरव्ह्यूच्या सकाळी त्यांच्याकडून पोहे खाऊन जायचं, हा तर हुकूमच. पोह्यांवर तर्री मात्र मिळत नसे, शर्टावर सांडेल म्हणून. "व्हिसाची भूक तोंडावर घेऊन जाऊ नकोस," मला वाढताना त्या म्हणाल्या. "भुकेल्या माणसाला कुणी वाढपी नेमत नाही."

विमा कंपनीच्या त्या टेबलाशी माझ्यासमोर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. ते तोंड उघडायचे आणि दुसरंच कुणीतरी बोलून जायचं. माझी जीभ सळसळत होती, दोन उत्तम मुद्दे तयार होते. पण मला त्यांचं रिकामं पान दिसायला लागलं आणि सुटका राहिली नाही. "थांबा, टॉम काहीतरी सांगत होते," मी म्हणाले. टॉमनं जे सांगितलं त्याच्यावरच आमचं सगळं उत्तर उभं राहिलं. नोकरी मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी रूममेटला नाही, आईलाही नाही, आधी मावशींना कळवलं. त्या आनंदानं ओरडल्या, आणि लगेच म्हणाल्या, "आणि तो टॉम? त्याला मिळाली का गं?"

त्यांच्या पंगतीतून उठून किती जण नोकरीला लागले, कुणास ठाऊक. दर वेळी मावशी दारात उभ्या राहून हात हलवायच्या, आणि दार लागताना कपाटातला तो कोट मला आठवायचा.

२००७ साली ग्रीन कार्डाची रांग एकदम पुढे सरकली आणि मावशींच्या हातात काम करायचा परवाना आला. दिवाळीच्या सुमारास मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात नाताळच्या सीझनसाठी माणसं घ्यायची होती. इंटरव्ह्यू अर्थातच ग्रुपमध्ये. सकाळी मी पोहे केले, कोटाची चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापली आणि त्यांना ड्राइव्ह करून नेलं. वाटेत मावशी पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा करत होत्या.

बाहेर आल्या त्या अगदी खुशीत. "एक पोरगी होती गं, कॉलेजातली. बोलताना अडखळायची. मी तिला बोलतं केलं. काय सुंदर बोलली नंतर!"

"आणि तुम्ही?"

"मी?" त्यांनी कोटाचं बटण सोडलं. "अगं, वाढता वाढता माझं बसायचंच राहून गेलं."

फोन आला नाही. ती पोरगी मात्र लागली. गळ्यात बिल्ला घालून काउंटरवर उभी असायची. मावशी मुद्दाम तिच्याच रांगेत उभ्या राहायच्या. "वाढपी शेवटच्या पंगतीला बसतात," त्या मला म्हणाल्या. "माझी पंगत व्हायचीय अजून."

ती झालीच नाही. पुढच्या वर्षी मंदी आली, काकांची नोकरी गेली आणि ग्रीन कार्डाचं सगळंच बारगळलं. दोघं नागपूरला परत निघाली.

आता त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर मी बसते. सहा उमेदवार आत येतात, कुणीतरी एक जण सुटतो, आणि माझी नजर आपोआप त्याच्या डावीकडे जाते. अशा वेळी मावशींची इतकी आठवण येते, की समोरचा काय बोलला ते पुन्हा विचारावं लागतं. ही खुर्ची त्यांची होती.

मावशी-काका निघाले त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जमलो होतो. सामान बांधून झालं होतं, कपाट रिकामं होतं. आम्ही कार्पेटवर चादर अंथरली, मावशींना बळेबळेच मधे बसवलं आणि वाढलं. सोलापूरच्या मुलानं भात वाढला. त्या दोनदा उठायला गेल्या, दोनदा आम्ही खांदे धरून बसवलं. मग सगळे खाली मान घालून जेवायला लागलो. "बोला ना मंडळी," त्या म्हणाल्या, "पंगत आहे की श्राद्ध?" मग सगळे एकदमच बोलायला लागलो.

जेवणं झाली. काका दारात किल्ली घेऊन उभे होते, विमानाची वेळ होत आली होती. मावशींचं पान स्वच्छ झालं होतं, पण त्या बसून होत्या. आमचेही हात वाळून गेले होते. तरी कुणी हललं नाही. पंगतीतून आधी आपण उठायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.