मांड्यांना बोलावलेली बाई

जळगाव स्टेशनबाहेर रिक्षावाले माझ्याकडेच धावतात. "मॅडम, अजंठा?" कोड पसरत पसरत मी आता अंगभर पांढरी झाले आहे, पापण्यासुद्धा. त्यांना मी परदेशी वाटते.

"भाऊ, मी शिंदखेडानी शे."

"अरे, ही तर आपलीच मावशी शे!" सगळे हसतात. नवराही त्यांच्यात हसतो. तेव्हा माझं डोकं फिरतं.

घरात तो चांगला वागतो. डोकं दुखलं तर चेपून देतो. चारचौघांत मात्र पुढे पुढे चालतो.

मागच्या उन्हाळ्यात मुलीला बघायला चाळीसगावचे पाहुणे यायचे होते. हा म्हणाला, "तू मागच्या खोलीत थांब. आई माहेरी गेली म्हणून सांगू." मी भांडायला हवं होतं. उलट मीच मुलीकडून ते वाक्य घोकून घेतलं. तिने ते पाहुण्यांपुढे न अडखळता म्हटलं आणि मी भिंतीआडून ऐकलं. ते अजून मला खातं.

आमच्याकडे पाहुण्यांना मांडे लागतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. जाऊबाईंचे मांडे फाटत होते. "ताई, या ना हो," त्या रडकुंडीला आल्या. मी बाह्या सारल्या आणि परसात चुलीपाशी बसले.

तेवढ्यात मुलाची आई हात धुवायला परसात आली. माझे हात बघून थबकली. "ह्या कोण?"

नवरा तांब्या घेऊन मागेच होता. म्हणाला, "मांड्यांना बोलावलेली बाई."

मी हातावरचा मांडा खापरावर टाकला. "मी मुलीची आई. माहेरी गेलेली नाही. आणि हे कोड आहे."

ते लोक न जेवताच उठले. दुसऱ्या दिवशी नकार आला.

"तुला तेवढा वेळ दम धरवला नाही?" नवरा ओरडला.

"आणि तुम्हाला बायको म्हणवलं नाही?"

मुलगी माझ्यावरही चिडली. "मम्मी, तू आधीच पुढे बसली असतीस, तर मला खोटं बोलावं लागलं नसतं." मुलाच्या आईने मला घडीभर पाहिलं होतं; तिच्यावर कसला राग धरू? ज्याने सगळा संसार माझ्याबरोबर केला, त्याच्यावर आहे.

आता धुळ्याचे पाहुणे येणार आहेत. मी पुढच्या खोलीत बसणार. नवऱ्याने कुठे बसायचं, ते त्याने ठरवावं.