ऐनवेळचा विषय

लेखकानं मानधन विचारलं की संपादकांना लगेच साहित्यसेवा आठवते. छापखानेवाल्याला, कागदवाल्याला कुणी सेवा सांगत नाही. वीस वर्षं कथा लिहून माझ्या घरात आलं काय, तर दिवाळी अंक, तेही पोस्टमननं दुमडलेले. पोट भरलं ते आमच्या सहकारी साखर कारखान्यातल्या कारकुनीवर.

त्या वर्षी पाऊस नाही, ऊस नाही, गाळप बंद. निम्मे कारकून घरी बसवले. मला ठेवलं, कारण चेअरमनसाहेबांची एकसष्टी होती आणि त्यांना आत्मचरित्र हवं होतं. "तुमी लिवा," साहेब म्हणाले, "आत शब्दांकन म्हणून तुमचं नाव टाकू." नावाला मी भुललो. खोटं कशाला बोलू?

साहेब बोलायचे ते सगळं निवडणुकांचं. बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं तर म्हणाले, "आमच्या हिरीला पाणी व्हतं. पण तसं लिवू नका. वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पायजे."

आता ज्याच्या घरी दुष्काळ आलाच नाही, त्याचा दुष्काळ आणायचा कुठून? मी माझ्या आईचा दिला. बहात्तरला ती बीडजवळच्या पालीला रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. एकदा हातोडा डाव्या अंगठ्यावर बसला, नख उपटलं. हजेरी व्हायची होती, उठली असती तर दिवस बुडाला असता. म्हणून तिनं पदराची चिंधी बांधली, दगड पायानं दाबून धरला आणि फोडत राहिली. हे सगळं मी साहेबांच्या आईच्या नावावर लिहिलं. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

पुस्तक आलं. माझं नाव कुठंच नाही. साहेबांचे पीए म्हणाले, "राहून गेलं हो. पुढच्या आवृत्तीत बघू." समारंभात साहेबांनी नेमकं तेच पान वाचलं. बाया डोळे पुसत होत्या. मी मागं पाण्याचे जार सांभाळत उभा.

मग मी तीच हकिकत माझ्या आईची म्हणून, माझ्या नावानं कथेत लिहिली आणि बीडच्या एका संपादकांना पाठवली. आठ दिवसांत साभार परत. सोबत चिठ्ठी: अंगठ्याचा प्रसंग चेअरमनसाहेबांच्या आत्मचरित्रातून उचललेला दिसतो, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती. म्हणजे चोर मी. डोक्यात तिडीकच गेली.

आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "कावून दिलंस त्याला? मला इचारलं व्हतंस का?" मला लाज वाटली, संपादकाच्या चिठ्ठीनं वाटली नव्हती तेवढी. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "कारखान्याची सभा कवा हाय?" वडलांच्या मागं त्यांचा शेअर तिच्या नावावर झालेला, म्हणजे ती कारखान्याची सभासद.

कारखान्याची वार्षिक सभा कशी होते, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक आहे. वर विषय वाचतात, वाचून व्हायच्या आत मांडवातून "मंजूर, मंजूर" येतं. ऐकतंय कोण? सगळं लक्ष जेवणाकडं. शेवटी ऐनवेळचा विषय, म्हणजे कुणा सभासदाला काही मांडायचं असलं तर. तोवर निम्मे लोक पत्रावळीकडं निघालेले असतात. तेव्हाच आई उठली आणि सभासदांत माईक फिरवणाऱ्या माणसाच्या हातून तो घेतला.

"साहेबाच्या पुस्तकातला अंगठा माझा हाय. खडी मी फोडली. साहेबाच्या मायनं कवा हातोडा धरला न्हाई. लिवलं माझ्या लेकानं. माझा अंगठा मला वापस द्या आन लिवणाराचं नाव लावा."

आणि मांडव सवयीनं ओरडला, "मंजूर, मंजूर."

साहेबांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. पीए माझ्याकडं बघून नको-नको अशी मान हलवायला लागले, कारण इतिवृत्ताची वही माझ्याच मांडीवर होती. सभा जे मंजूर करील ते लिहायचं, हीच माझी नोकरी. मी लिहिलं. आईचा शब्द न् शब्द, 'हाय' आणि 'न्हाई'सकट. खाली लिहिलं, ठराव एकमतानं मंजूर.

दुसऱ्या दिवशी पीए पान फाडायला आले. म्हटलं, "सभेचं पान आहे. फाडायचं तर पुन्हा सभा बोलवा आणि आईला पुन्हा माईक द्या." पान राहिलं. महिनाभरात मला मात्र घरी बसवलं. बसवू दे. त्या पानाची झेरॉक्स जोडून मी कथा त्याच संपादकांना पुन्हा पाठवली, एक शब्द न बदलता. छापली त्यांनी. मानधन नाही, नुसता अंक आला.

आईला वाचता येत नाही. "तुझं नाव कुठं हाय?" तिनं विचारलं. मी बोट ठेवलं. तिनं आपला वाकडा अंगठा त्या नावावर टेकवला आणि म्हणाली, "हे आता कुनाला देऊ नको."