आंदर मावळातली विहीर आणि माझं पावलं मोजणारं घड्याळ

तळेगावजवळच्या एका गोदामात मी ऑर्डर गोळा करते. म्हणजे आठ तास ट्रॉली ढकलत रॅकमधून हिंडायचं. पायांचे तुकडे पडतात, पण आम्ही त्याचंही कौतुक करून घेतो. आम्हा सात-आठ जणींकडे पावलं आणि कॅलरी मोजणारी घड्याळं आहेत. आठवड्याला जी जिंकेल तिला बाकीच्यांनी वडापाव द्यायचा. यातली एक मेख आधीच सांगते. ट्रॉली ढकलताना हात हलत नाही, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ पावलं धरतच नाही. म्हणून कामाला लागलं की आम्ही ते काढून पायमोज्यात खोचतो. हे आमच्यात सगळ्यांना पाठ आहे.

मे महिन्यात तीन दिवसांची सुट्टी जुळली. सोबतची सुनीता म्हणाली, "माझ्या माहेरी चल, करवंदं पिकलीत." तिचं माहेर आंदर मावळात. मी लगेच पिशवी भरली.

कुणाला जायचं असेल तर लोकलने कान्हे स्टेशनला उतरा. फाट्यावरून टाकव्यापर्यंत वडापची जीप मिळते, आम्ही माणशी तीस रुपये दिले. पुढे एसटी आहे, पण ती चुकली की बसा वाट बघत. आमची चुकली. अर्धा रस्ता दूधवाल्याच्या टेम्पोतून काढला, उरलेला पायी. ऊन मी म्हणत होतं, तरी मी खूश, कारण घड्याळातला आकडा चढत होता. पाण्याच्या बाटल्या टाकव्यातच भरून घ्या. आम्ही नाही भरल्या आणि घरी पोचताच दोन-दोन तांबे पाणी घटाघटा प्यायलो.

सुनीताच्या आईला मी मावशी म्हणू लागले. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर कच्चा कांदा. जेवता जेवता मावशी आबांना, म्हणजे सुनीताच्या वडिलांना, म्हणाल्या, "गुडघं लय दुखत्यात. गाडीवर पिंप टाकून तुमी आना की पानी."

"हितं तर हाय हीर," आबा म्हणाले. "बैलांना उन्हाळ्यात तरी इसावा नगं व्हय?"

"हितं कुटं? तुमी कदी गेलाय का तितं?"

मला काय अवदसा आठवली! मी घड्याळ काढून दाखवलं. "आबा, माणूस किती चाललं ते यात कळतं. उद्या दिवसभर मावशींच्या हातात राहू दे."

आबा रंगात आले. "बांध. लय निघालं तर परवापास्नं गाडी जुपतो. शब्द हाय."

मावशींनी बांगड्या मागे सारून हात पुढे केला. लाजत होत्या, पण आनंद लपत नव्हता. घरात त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी आलं होतं.

दुसरा दिवस आम्ही डोंगरावर काढला. करवंदांनी जिभा जांभळ्या, काट्यांनी हात ओरबाडलेले. वरून धरणाचं पाणी चकाकताना दिसतं आणि माणूस खुळ्यासारखा फोटो काढत बसतो. उतरताना विहिरीच्या चढावर मावशी भेटल्या. डोक्यावर हंडा, एक हात त्याला धरलेला, दुसरा कमरेवरच्या कळशीला. "मावशी, फोटो!" मी ओरडले. त्या थांबल्या, हसल्या. मी फोटो काढला आणि आम्ही पुढे झालो.

संध्याकाळी ओसरीवर सगळे जमलो. मी घड्याळ बघितलं. दिवसभराची चारशेसुद्धा पावलं नव्हती.

"म्हनत न्हवतो?" आबांनी मांडीवर थाप मारली. "दिसभर बसूनच हाय ही!" सुनीता हसली. मीही हसले.

मावशी नाही हसल्या. "एक हात हंड्याला, एक कळशीला," त्या हळूच म्हणाल्या. "हात हालवलाच न्हाई म्या. म्हनलं, तुजं घड्याळ भिजंल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी ट्रॉली, माझा पायमोजा. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण आबा खुशीत होते, ताटं वाढली होती, आणि आपणच मूर्ख ठरू याची मला लाज वाटली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मावशींनी घड्याळ पदरानं पुसून परत दिलं. पहाटे जाग आली तेव्हा त्या पाण्याला गेल्या होत्या आणि बैल गोठ्यात रवंथ करत होते.

परतताना ठरल्याप्रमाणे लोणावळा केलं. रविवारची गर्दी, गाड्यांचे भोंगे, गरम भजी, मैत्रिणींसाठी शेंगदाण्याची चिक्की. बाजारातच घड्याळ थरथरलं. दिवसाचं लक्ष्य पूर्ण, शाब्बास म्हणे! मी ते काढून पर्समध्ये टाकलं. लोकलमध्ये सुनीताला फोटो दाखवायला फोन उघडला, तर मावशींचा तो फोटो समोर आला. हंड्याला धरलेल्या मनगटावर माझं घड्याळ अगदी स्पष्ट दिसत होतं. मी फोन बंद केला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी सुनीताला सगळं सांगून टाकलं. ती डब्यातच बघत म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं." मग तिने घरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मावशींनी उचलला. मी समजावून सांगितलं. हात धरलेला असला की ते मोजत नाही, तुम्ही खूप चालला होतात, आम्हीसुद्धा कामावर ते पायातच खोचतो.



"म्हंजी तुला ठावं व्हतं?"

"हो मावशी. आबांना द्या ना फोन, मी सांगते त्यांना."

"आता कशाला? त्यांनी समद्या गावाला सांगितलंय, घड्याळ लावून बघितलं म्हनून." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, तेच जास्त लागलं. "ठिवते बाई. पानी आनायचंय."