टोनीच्या घराला पांढरा रंग

माझा धाकटा भाऊ टोनी. जन्म गेला उत्तनला मासेमारी करण्यात, आणि म्हातारपणी साखरेने डोळे खाल्ले. तरी पाणी स्वतः घ्यायचा, संडासला स्वतः जायचा, कोणी हात धरला तर झटकून टाकायचा. मुतायला कोणाची मेहेरबानी नको, एवढाच त्याचा माज उरला होता. मला तो माज आवडायचा.

हे जमायचं ते घरामुळे. त्याची जुनी होडी मोडली तेव्हा तिच्या फळ्या त्याने घरात लावल्या, दारांना, खांबांना. होडीला लावतात तसं दर वर्षी मुशी माशाच्या काळजाचं तेल त्यांना चोळायचा. मागची भिंत नुसत्या विटांची, तिला गिलावा कधी केलाच नाही. हाताला गुळगुळीत फळी लागली की खोली, खरखरीत वीट लागली की संडासची वाट. असं चाचपत तो घरभर फिरायचा.

मग त्याच्या पोराच्या, वॉरेनच्या डोक्यात आलं की घराचा होमस्टे करायचा. मीरा रोडची माणसं शनिवार-रविवार राहायला येतात म्हणे. लाकूड रंगवायचं की नाही, विटा रंगवायच्या की नाही, यावर जेवताना बोलणं निघालं. मी शेजारीच राहते, मलाही बसवलं होतं.

टोनी म्हणाला, "विटांना हात लावू नको. आन फळ्या तेल पिलेल्या हायत, त्यांच्यावर रंग सुकणार न्हाय."

"पपा, सगळं एकसारखं पांढरं पाहिजे. फोटोत तेच उठून दिसतं," वॉरेन म्हणाला.

"मंग मला वाट कशी गावंल?"

"तुम्हाला नाहीतरी काय दिसतंय? पांढरं काय नि काळं काय."

त्याची बायको सिया जेवायची थांबली. "निदान विटा तरी राहू दे," ती म्हणाली. मी म्हटलं, "मेल्या, बापाशी बोलतोयस." तो फोनमध्ये तोंड घालून बसला. अशा तोंडात या बापाने पापलेटचे काटे काढून घास भरवले.

विटांवर पुट्टी फासली आणि सगळ्यावर ऑईल पेंट मारला. भिंत सुकली. फळ्या कसल्या सुकतायत. चिकट चिकट रंग, त्यात मेलेल्या माशा, केस, आणि घरभर थिनरचा आणि मुशीच्या तेलाचा मिळून असा वास की जेवण जाईना. टोनी चाचपडला की हात पांढरे, आणि त्या हातांचे पंजे नव्या भिंतीवर. वॉरेन ओरडत यायचा आणि फडक्याने भिंत पुसायचा. टोनीचे हात खोबरेल लावून मी पुसायचे. शेवटी वॉरेनने बापाला सांगूनच टाकलं, "पपा, कशालाच हात लावायचा नाही."

टोनी हात छातीशी धरून चालायला लागला. पहिले पाहुणे यायचे त्या दुपारी मी कालवण घेऊन गेले, तर तो पुढच्या खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभा, लेंगा भिजलेला, खाली थारोळं. संडास शोधत तिथे पोचला होता. वॉरेन नाक दाबून म्हणाला, "शी पपा, काय घाण करून ठेवलीय." घाण मलाही वाटली, पण त्या मुताची नाही. त्या पोराच्या पांढऱ्या भिंतीवर थुंकावंसं वाटत होतं. लादी मी आणि सियाने पुसली, लेंगा मी बदलला.

आता होमस्टे जोरात चालतोय. लोक त्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि घर किती स्वच्छ आहे म्हणतात. काल मी गेले, तेव्हा पाहुण्यांचा चहा चालला होता आणि टोनी खुर्चीत बसला होता. माझा आवाज ऐकून त्याने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "ज्युली, वॉरेनला इचार ना, मी संडासला जाऊ का?"