झाकून ठेवलेली कुपी

सहा वर्षं भावना एका अशा रेणूच्या मागे होती, जो जन्मला न जन्मला तोच संपतो. त्याचं नाव कार्बीन. तो थेट दिसत नाही, म्हणून त्याच्या वाटेत दुसरं एक रसायन ठेवायचं. कार्बीन त्याला चिकटला की जो टिकाऊ पदार्थ होतो, तोच त्याच्या असण्याचा पुरावा. त्या रसायनाला प्रयोगशाळेत सगळे सापळा म्हणत.

सकाळी कॉलेजात तासिकेवर शिकवणं, दुपारी संशोधन, आणि संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या घरी म्हातारे वडील. धोंडबांनी उभा जन्म गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे वाहिले होते.

फेब्रुवारीत दिव्याच्या उजेडात ठेवलेल्या कुपीत तो पदार्थ मिळाला.

"सापडलं, बाबा!"

"मंग तू डॉक्टर झाली न वं?"

"अजून डिग्री कुठे मिळाली?"

"मिळूनच राहिली न आता!" म्हणत धोंडबा चप्पल घालून निघाले. विहारात आणि सगळ्या गल्लीत सांगून आले.

मे महिन्यात तिच्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध पाठवायला घेतला. पाठवण्याआधी भावनाने एक कुपी चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवली. द्रव्यं तीच, फक्त उजेड नाही. उजेडाशिवाय कार्बीन होतच नाही, तेव्हा काहीच मिळायला नको होतं. दोन दिवसांनी तपासलं, तर तोच पदार्थ. म्हणजे ज्यापासून कार्बीन व्हायचा, त्या मूळ द्रव्यालाच सापळा चिकटत होता. कार्बीनची गरजच नव्हती. तिने तीनदा करून पाहिलं.

"ही कुपी तुम्हाला कोणी मागितली होती?" सर म्हणाले. "निबंध आहे तसा जाऊ द्या."

"मी बघितलंय, सर. आता कसा जाऊ देऊ?"

सर बराच वेळ कागद चाळत राहिले. निबंध गेला नाही.

त्याच आठवड्यात धोंडबांना धाप लागून दवाखान्यात ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू, असं भावना रोज ठरवून जायची. आणि धोंडबा नळी बाजूला करून नर्सला सांगायचे, "हे माही पोरगी. डॉक्टर हाय. दवाईवाली नाही, त्याच्याहून मोठी." नर्स हसायची. भावना उशी नीट करायची.

जुलैत ते गेले. पुण्यानुमोदनाला कुणीतरी माईकवर म्हणालं, "आता डॉक्टर भावनाताई दोन शब्द बोलतील." ती उठली. बोलायला तोंड उघडलं, पण समोर बसलेल्या बायांकडे पाहून तिने नुसते हात जोडले आणि खाली बसली.

पुढे दोन वर्षं तिने दुसरे सापळे लावले. कार्बीन कशातच आला नाही. प्रबंधात तिने तेच लिहिलं, झाकलेल्या कुपीसकट. परीक्षकांनी तासभर खोदून विचारलं आणि पदवी दिली.

त्या संध्याकाळी तिने घराचं कुलूप काढलं आणि सवयीने आत हाक मारली, "बाबा!" मग दारातच थोडा वेळ उभी राहिली.