चौथी ओळ आणि सातवी ओळ

मुकादमाला कॉम्प्युटरचं वावडं नव्हतं. कॉम्प्युटरलाच मुकादमाचं वावडं असावं. निदान त्या आठवड्यात तरी त्याची तशी खात्रीच पटली होती.

बाटल्या भरण्याच्या कारखान्यात एकवीस माणसांच्या पाळ्या तो वीस वर्षं वहीत लावत आला होता. सकाळ, दुपार, रात्र. दर सोमवारी पाळी बदलायची. हातात शिसपेन्सिल आणि खोडरबर, कोणाची काय अडचण ते डोक्यात. कोणी भांडत आलं की खोडायचं आणि पुन्हा लिहायचं. नवे मॅनेजर आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की तक्ता एक्सेलमध्ये हवा. वरच्या चौकटीतली तारीख बदलली की सगळ्यांच्या पाळ्या आपोआप फिरल्या पाहिजेत. शनिवारी तो भिंतीवर लागायचा होता.

ऑफिसातल्या मुलीने सूत्र घालून दिलं. जो नोकरीत जुना तो वर, अशी यादी मुकादमाने दोन बोटांनी टाइप केली. चौथ्या ओळीत तो स्वतः, सातव्या ओळीत लेबलं लावणारी त्याची बायको. पहिल्या ओळीला सकाळ, दुसरीला दुपार, तिसरीला रात्र, चौथीला पुन्हा सकाळ, असं सूत्र वाटत जायचं. त्याने पाहिलं तर नवराबायको दोघंही सकाळपाळीत.

हे चालण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षांत त्याने दोघांची पाळी एकदाही एक येऊ दिली नव्हती. आई अंथरुणाला खिळलेली. एक कामावर तर दुसरं घरी, हा नियम त्याने डोळ्यांत तेल घालून पाळला होता. त्याने तारीख आठवडाभर पुढे नेली. दोघंही दुपारी. आणखी पुढे नेली. दोघंही रात्री. मागे आणली, थेट पुढच्या वर्षातली घातली, तरी जोडी काही फुटेना. गुरुवारपर्यंत त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. बाकीची एकोणीस माणसं निमूट जागच्या जागी बसत होती. घरचीच माणसं ऐकत नाहीत, असं तो हसत म्हणाला खरा, पण आतून तो घाबरला होता.

शुक्रवारी मुलीने तक्ता पाहिला आणि सूत्र बरोबर आहे म्हणाली. पाळ्या तीन आणि या दोन ओळींत अंतरही तीनचंच; तारीख कुठलीही घाला, दोघं बरोबरच फिरणार. वेगळं करायचं तर काकूंना एक ओळ खाली सरकवावं लागेल.

"पण काका, वेगळं कशाला करायचं?"

"घरी आई असते ना," मुकादम म्हणाला.

मुलीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हा तीही घरी भेटून गेली होती. मुकादम ओशाळला. आई गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? तो रडला होता, तिची कॉटसुद्धा त्याने देऊन टाकली होती. पण मागच्या महिन्यावरून पुढचा महिना वहीत उतरवायची सवय. तसं त्याने आठ वेळा उतरवलं होतं. कशासाठी, हे त्याचं त्यालाच उमगेना.

दोन वाजता त्याची पाळी सुटली. बायको फाटकातून आत येत होती. रोजच्यासारखी तिने घराची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि ती पुढे निघाली. त्याने तिला थांबवलं आणि अडखळतच विचारलं, की दोघांना एकाच पाळीत टाकलं तर चालेल का.

ती दोन पावलं मागे आली.

"आई गेल्यावर पहिला तक्ता लागला, तेव्हा मी धावत जाऊन बघितला होता. दुसऱ्या महिन्यातही बघितला. मग म्हटलं, तुम्हालाच मी घरी नको असेन."

तेवढ्यात भोंगा वाजला आणि ती आत गेली. मुकादम घरी गेला नाही; रात्री दहाला ती बाहेर येईपर्यंत तो फाटकाशीच थांबला.