फळ्याचा वरचा अर्धा भाग

फोन आला तेव्हा मी क्लासला जायला निघालो होतो. "गजभारे सर गेले. झोपेतच..." त्यांचे जावई म्हणाले. दीड महिना झाला, पण सरांची आठवण आली की रडू कमी आणि हुरूपच जास्त येतो. माणूसच तसा होता! लातूरच्या एकाच क्लासमध्ये आम्ही वीसेक वर्षं काढली. ते जीवशास्त्राला, मी भौतिकशास्त्राला. भूकंपानंतरच्या वर्षांत इथं क्लासचं असं काही पीक आलं की पत्र्याच्या एका शेडमध्ये दोन-दोनशे पोरं बसायची. फळ्यावर खाली लिहिलेलं मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यांमुळे दिसत नसे. म्हणून सर फक्त वरच्या अर्ध्या भागात लिहायचे, टाचा उचलून, दिवसाला सहा-सहा तास. "खालचं रान पडीकच ठेवलं का सर?" असं मी चिडवायचो.

मग उजवा खांदा दुखायला लागला. सरांनी निदान स्वतःच करून टाकलं... भूकंप! तेव्हा त्यांनी चार दिवस मलबा उपसला होता. आमच्याकडे तडा भिंतीला जावो की माणसाला, नाव भूकंपाचंच. सरांना तर त्या दुखण्याचा अभिमान होता. दोन वर्षं तेल चोळलं. शेवटी हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा क्लासचे मालक नरमाईनं म्हणाले, "सर, यंदा घरी आराम करता का?" त्या दिवशी सरांचा चेहरा मी पहिल्यांदा पडलेला पाहिला. फळा सुटला तर हा माणूस टिकायचा नाही, याची मला भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नांदेडच्या एसटीत बसवलं आणि सोबत मीही गेलो.

तिथं हाडांची डॉक्टर झालेली वैशाली, सरांची जुनी विद्यार्थिनी. तिनं एमआरआय पाहिला. "सर, पडलात का कुठं?"

"भूकंपात..."

"न्हाई सर. मार लागला असता तर हात तेव्हाच उचलला नसता. हे झिजून झिजून फाटलंय. स्नायूला हाडाशी बांधणारं हे टेंडन. वय झालं की त्याला रक्त कमी पोचतं, अन् तुम्ही रोज हात वर धरून त्याला घासत राहिलात."

सर हिरमुसून खुर्चीत मागे टेकले. भूकंप हातातून गेला होता ना! पण दुसऱ्याच क्षणी खुर्ची सरकवून एमआरआयच्या पडद्याला नाक लावलं आणि मला हाक मारली. "शेख, बघा, बघा! पोरांना मी टेंडन म्हणून नुसती रेघ मारून दाखवत होतो! अन् ते माझ्याच खांद्यात हाय की!"

ऑपरेशनची घाई नव्हती. अर्धवट फाटलं होतं. व्यायामानं भागेल, असं ती म्हणाली. "पण हात वर धरून लिहिणं बंद."

"मग मागच्या पोरांनी काय बघायचं?"

वैशालीचे डोळे भरून आले. "मी शेवटच्या बाकावर बसायचे सर. माझं एक अक्षर सुटलं न्हाई."

तीन महिन्यांनी सर परतले ते हुकूम सोडतच. पुढचे पाच बाक बाहेर काढले, सतरंज्या अंथरल्या. पुढच्यांनी खाली बसायचं आणि सरांनी फळ्याच्या खालच्या भागात लिहायचं. नंतरची सहा वर्षं ते असेच शिकवत राहिले.

परवा त्यांच्या जागी आलेल्या तरुण सरांचा पहिला तास होता. मी दारात उभा होतो. त्यांनी खडू घेतला, टाचा उचलल्या, हात फळ्याच्या वरच्या काठाला नेला... आणि शेवटच्या बाकावरून एक पोरगी ओरडली, "सर, खाली लिव्हा! मागं समदं दिसतंय."